वाचकांचे प्रश्न : एकाच ड्रायव्हरचा स्पीकर

प्रश्न : दहा बाय बाराच्या खोलीत ख्याल आणि नाट्यपदं ऐकण्यासाठी फुल-रेंज ड्रायव्हरचे (खर्जापासून वरपर्यंत सगळे स्वर एकटाच वाजवणाऱ्या सुट्या स्पीकरचे) बंद खोके करायचे आहेत. दुकानात दोन दाखवले : आठ इंची, मध्ये छोटा कागदी शंकू असलेला, आणि चार इंची साधा. कोणता घेऊ? (खानापूर)

उत्तर : चार इंची घ्या. आठ इंचीला खर्ज सोपा जातो, पण साधारण २००० हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झोतासारखा समोरच जाऊ लागतो. वरचे स्वर भरून काढायला तो छोटा शंकू लावलेला असतो आणि स्वस्त ड्रायव्हरमध्ये नेमका तोच कर्कश होतो. तानपुऱ्याची जवार किरकिरते, 'स', 'श' टोचतात. चार इंचीत हा झोत ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. शिवाय गायकाचा गळा, हार्मोनियम, सारंगी एकाच पडद्यातून (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या शंकूतून) येतात, मध्ये स्वर दोन ड्रायव्हरांत वाटणाऱ्या क्रॉसओव्हरचा सांधा नाही. फुल-रेंज वापरायचं खरं कारण तेच.

दुकानात वॅट सांगतील. तुम्ही माहितीपत्रकातले एफएस (पडदा मोकळा असताना ज्या हर्ट्झला आपसूक थरथरतो तो), क्यूटीएस (ती थरथर किती आवरली जाते त्याचा आकडा) आणि व्हीएएस (पडद्याच्या लवचिकतेइतकी लवचिक असलेली हवा, लिटरमध्ये) हे तीन आकडे मागा. ते मिळत नसतील तर ड्रायव्हर घेऊच नका, खोक्याचं माप कशावरून काढणार? क्यूटीएस ०.३ च्या आसपास असेल तर तो पोर्टच्या (हवेसाठी नळी ठेवलेल्या) खोक्याचा, ०.४५ ते ०.६ असेल तर बंद खोक्याचा, ०.७ च्या वर असेल तर मागून उघड्या फळीचा.

खोक्याच्या मापाचा हिशेब असा : ०.७०७ ला क्यूटीएसनं भागा, वर्ग करा, एक वजा करा आणि येईल त्यानं व्हीएएसला भागा. समजा क्यूटीएस ०.५, व्हीएएस ६ लिटर, एफएस ८० हर्ट्झ. खोकं येतं ६ लिटरचं आणि ११३ हर्ट्झच्या खाली खर्ज कमी होऊ लागतो. आतून १५ × १८ × २४ सेंटिमीटर ठेवा. चुंबक आणि कोपऱ्यातल्या पट्ट्यांची जागा वजा जाता सहा लिटर उरतात. आत उशीतला पॉलिएस्टर कापूस सैल भरा. साधा कापूस ओल धरून गोळा होतो.

डग्ग्याचा पूर्ण घुमारा यातून येणार नाही. एक सप्तक खाली गेलं की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट सरकावं लागतं, आणि तो जास्त सरकला की वर चाललेला गळाही गढूळ होतो. घुमारा हवाच असेल तर १५० हर्ट्झच्या खालचा भाग अँप्लिफायरच्या आधीच तोडून वेगळ्या वूफरला (फक्त खर्जाच्या ड्रायव्हरला) द्या.

प्रश्न : ८ ओहमचा चार इंची ड्रायव्हर लावून २० सेंटिमीटर रुंद खोके केले. आवाज स्वच्छ आहे, पण पातळ. ड्रायव्हर खराब आहे का? (निपाणी)

उत्तर : आधी डाव्या-उजव्या दोन्ही खोक्यांची जोडणी तपासा. अँप्लिफायरकडच्या तारा काढून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा : लाल टोकाला प्लस दिल्यावर दोन्ही पडदे बाहेर यायला हवेत. एक आत गेला तर त्याच्या तारा उलट्या आहेत, आणि खर्ज तिथेच कटतो.

जोडणी बरोबर असेल, तर कारण खोक्याची रुंदी. वरचे स्वर पुढच्या फळीवरून समोर येतात, खालचे मात्र खोक्याला वळसा घालून मागे पसरतात. ११५ ला मीटरमधल्या रुंदीनं भागा. तुमच्याकडे ५७५ हर्ट्झ येतात, तिथून खाली आवाज हळूहळू कमी होत जातो. उपाय : १.५ मिलिहेन्रीची कॉइल आणि ४.७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडून ही जोडी ड्रायव्हरच्या प्लस तारेत घाला. वरच्या स्वरांचा आवाज सुमारे ४ डेसिबलनं कमी होतो. कॉइलचा स्वतःचा रोध अर्ध्या ओहमच्या आत हवा, म्हणून जाड तारेची घ्या. खोके भिंतीला टेकून असतील तर ३.३ ओहम पुरे, कारण भिंत थोडा खर्ज परत देते. तरीही टोचलं तर ड्रायव्हर थेट कानाकडे न रोखता दहा-पंधरा अंश बाहेर वळवा.

प्रश्न : खोक्यांसाठी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) वापरू का? (बेळगाव)

उत्तर : अथणीकडच्या कोरड्या हवेत चालेल. बेळगाव-खानापूरच्या पावसात कापलेल्या कडा पाणी ओढून फुगतात, ड्रायव्हरचे स्क्रू सैल होतात आणि बंद खोकं गळू लागतं. मेस्त्रींकडून १८ मिलिमीटरचा आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय आणवा आणि ड्रायव्हरच्या भोकाच्या आतल्या कडेलाही सीलर मारून घ्या. ती कड हमखास राहून जाते.