‘मला लेबर रूममध्ये नेऊ नका, सिझरच करा’

गर्भवती आणि बाळंतिणींच्या समुपदेशनाचं काम मी पुण्यात करते. आठवा महिना लागला की पहिलटकरणींकडून एक मागणी वारंवार येते, “मॅडम, डॉक्टरांना सांगून माझं सिझरच ठरवून टाका ना.” घरची मंडळी म्हणतात, हल्लीच्या मुलींना सोसायला नको. मला हे कधीच पटलेलं नाही. असं म्हणणाऱ्या बाईपुढे मी नॉर्मल बाळंतपणाचे फायदे वाचत बसत नाही. आधी एवढंच विचारते, की लेबर रूम म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं, ते सगळं सांगा.

मधुराला (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) हे विचारलं तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. सासर धनकवडीला, माहेर सासवडला, नोकरी एका कंपनीच्या हिशेब विभागात. बाळाचं डोकं खाली होतं, रक्तदाब आणि साखर व्यवस्थित होती, आणि नॉर्मलला काही हरकत नाही असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण रात्री तीनच्या सुमारास दचकून जाग यायची आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही.

“कळा सोसेन हो मी,” ती शेवटी म्हणाली. “पण स्वातीताईसारखं माझं झालं तर?”

स्वाती तिची मावसबहीण. दोन वर्षांपूर्वी तिचं बाळंतपण झालं. कळा वाढल्यावर ती ओरडायला लागली, तेव्हा तिथल्या बाईंनी तिच्या मांडीवर चापट मारली आणि म्हणाल्या, “नवऱ्याजवळ जाताना बरी ओरडली नाहीस!” घरचे बाहेर, दार बंद. किती वेळ लागेल हे कोणी सांगितलं नाही, आतून तपासताना कोणी विचारलं नाही. बाळ सुखरूप झालं, पेढे वाटले गेले, आणि बाकीचं कोणी विचारलंच नाही. तिने ते फक्त मधुराला सांगितलं होतं.

मधुराची आई शेजारीच बसली होती. “मॅडम, हिला जरा समजवा. आम्ही नाही का बाळंत झालो? बाईच्या जातीला हे चुकलंय का?” मी त्यांना त्यांच्याच पहिल्या बाळंतपणाचं विचारलं. त्या आधी हसून टाळत होत्या. मग म्हणाल्या, “रात्रभर टेबलावर एकटी होते. पाणी मागितलं तर म्हणाले, नंतर.” मधुरा त्यांच्याकडे बघत राहिली. तिला हे ठाऊक नव्हतं.

माझ्या मते इथेच या काळजीचं मूळ आहे. सिझर मागणाऱ्या पुष्कळ बायका मनातून विचारत असतात, की तिथे माझं कोण असेल? माझ्याशी माणसासारखं वागतील ना? ऑपरेशनला निदान वेळ ठरलेली असते, भूल असते, आणि डॉक्टर सतत समोर असतात, म्हणून ते सुरक्षित वाटतं.

आणि या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांपेक्षा सिस्टरांकडे जास्त असतं. आपल्याकडे दवाखाना निवडताना डॉक्टरांचं नाव बघतात, पॅकेज विचारतात, खोली एसी आहे का ते पाहतात. पण कळांचे सगळे तास बाई काढते ती सिस्टरांच्या हाताखाली. डॉक्टर येऊन जाऊन असतात. सिस्टर तिथेच असतात. 1909 मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं, तेव्हा बायकांनी नर्स व्हावं म्हणून घरोघरच्या नाराजीशी झगडावं लागलं. त्याच पुण्यात आज बाळंतपण ठरवताना सिस्टरांविषयी एक प्रश्नसुद्धा विचारला जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग मी मधुराला सिस्टरांचं काम समजावून सांगितलं. कोण कधी जवळ येणार आणि कशासाठी, हे माहीत असलं की त्या खोलीतली निम्मी अनोळखी भीती जाते. गर्भपिशवीचं तोंड 5 सेंटीमीटर उघडेपर्यंतचा काळ रेंगाळतो, तो दोन तासांचा असेल किंवा दिवसभराचा. त्यामुळे भरती झाल्यावर “अजून दोनच बोटं” असं ऐकून हातपाय गाळायचे नाहीत. त्यानंतर पहिल्या खेपेला साधारण 12 तासांपर्यंत लागू शकतात. तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये मागे टाकला. या काळात सिस्टर दर 15 ते 30 मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकतात, आणि बाळ बाहेर यायच्या वेळी दर 5 मिनिटांनी. आतून तपासणी सगळं सुरळीत असेल तर चार-चार तासांनी पुरते, आणि प्रत्येक वेळी आधी सांगून, पडदा ओढून व्हायला हवी.

या सगळ्याची नोंद करायला संघटनेने 2020 मध्ये एक नवा तक्ता दिला. त्यात बाळाच्या ठोक्यांच्याही वर चार ओळी आहेत: बाईजवळ सोबतीला कोणी आहे का, वेदना कमी करायला काही दिलंय का, ती तोंडाने पाणी घेतेय का, आणि ती कशी आहे, आडवी की उठून-फिरून. मी तो तक्ता मधुराच्या आईंना दाखवला. त्यांनी पाण्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “म्हणजे पाणी द्यायचं असतं तर.”

एक गोष्ट मी प्रत्येकीला सांगते, कारण इथे फार गैरसमज होतात. पोट दाबण्याचे दोन प्रकार आहेत. बाळ यायच्या आधी कोणी वरून पोट दाबून बाळ खाली ढकलायला बघत असेल, तर ते करू नये असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण बाळ झाल्यावर सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन पोट दाबून बघतात, तेव्हा त्या पिशवी घट्ट आवळली गेली आहे ना, याची खात्री करत असतात. पिशवी सैल राहिली तर फार रक्त जातं, आणि ते जीवघेणं ठरू शकतं. बाळ होताच मांडीत किंवा दंडात दिलं जाणारं ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शनही त्यासाठीच. ते दाबणं दुखतं, पण ती काळजी आहे. “आता जोर लावा!” असं सिस्टर मोठ्याने म्हणाल्या तर तोही अपमान नव्हे. चापट, टोमणा आणि धमकी मात्र कुठल्याही कारणाने समर्थनीय नाही. रात्रपाळीत एकाच सिस्टरवर तीन-चार बाळंतपणं आली की तिची चिडचिड होते हे मी पाहिलेलं आहे, आणि त्यासाठी माणसं वाढवायला हवीत यात शंका नाही. तो भार बाळंत होणाऱ्या बाईच्या अंगावर उतरता कामा नये.

सिझरविषयीही आम्ही मोकळेपणाने बोललो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 21.5 टक्के बाळंतपणांत सिझर झालेलं दिसतं. सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के आणि खासगीत 47.4 टक्के. गरज असेल तेव्हा सिझर आई आणि बाळ दोघांचे प्राण वाचवतं. पण ते पोटाचं मोठं ऑपरेशन आहे, सावरायला जास्त दिवस लागतात, आणि पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यांच्या जागी चिकटून बसण्याचा धोका वाढतो. हे सांगून मी म्हटलं, “सगळं कळल्यावरही सिझरच हवंसं वाटलं, तर डॉक्टरांशी तसं स्पष्ट बोला. मी बरोबर येईन.” काहींची भीती इतकी तीव्र असते की त्या दिवस राहणंच टाळतात किंवा पोटातल्या बाळाविषयी विचारही करू शकत नाहीत. तिथे मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते, नुसता धीर देऊन भागत नाही.

मधुराने ठरवलं, आधी दवाखान्यात जाऊन विचारायचं. काय विचारायचं ते आम्ही दोघींनी मिळून लिहून काढलं. रात्री लेबर रूममध्ये किती सिस्टर असतात? सोबत कोणाला थांबता येतं, अगदी शेवटपर्यंत? कळांमध्ये चालता येईल का? टेबलांमध्ये पडदे आहेत का? कळा कमी करायचं कमरेतलं इंजेक्शन रात्रीही मिळतं का? बाळ लगेच माझ्या छातीवर देतात का? आणि तिला सगळ्यात अवघड वाटलेला प्रश्न: मी ओरडले तर चालेल का?

एवढे प्रश्न विचारले तर डॉक्टर रागावतील असं तिच्या नवऱ्याला वाटत होतं. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. खासगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचा ‘मान्यता’ नावाचा दर्जा-कार्यक्रम आहे, सरकारी दवाखान्यांसाठी 2017 पासून ‘लक्ष्य’ आहे. दोन्हींत बाईला सन्मानाने वागवणं ही अट आहे. सरकारी लेबर रूममध्ये सोबतीण ठेवता येते, अशा केंद्र सरकारच्या सूचना 2016 पासून आहेत. शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई, आणि आडोसा पुरेसा असेल तिथे नवराही. ससून किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात जाणाऱ्या बायकांना मी हे मुद्दाम सांगते. सरकारी दवाखान्यात सिझरसकट सगळं बाळंतपण मोफत, हे 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने दिलेलं आहे. त्यामुळे “फुकटात मिळतंय, आपण कुठे बोलायचं” असा संकोच धरायचं कारण नाही.

सोबत म्हणजे नुसतं शेजारी उभं राहणं नव्हे. सतत सोबतीच्या परिणामावर जगभर झालेल्या 26 अभ्यासांत मिळून 15,000 हून अधिक बायका होत्या. सोबत मिळालेल्या बायकांत सिझर कमी झाली, कळांचा काळ थोडा आखडला, आणि बाळंतपणाची कडवट आठवण कमी जणींना राहिली. मधुराने आईला निवडलं. मग मी त्यांच्याकडून तयारी करून घेतली. “सोस जरा”, “ओरडू नकोस, लोक काय म्हणतील” ही वाक्यं तोंडातून काढायची नाहीत. कळ आली की तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वर घट्ट दाबायचं, कळ गेली की घोटभर पाणी द्यायचं. त्या घरी रोज नवऱ्याच्या पाठीवर सराव करत होत्या, असं मधुराने मला फोनवर सांगितलं.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात रात्री पाणी गेलं. फोनवर सिस्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याच्या रंगाचा, स्वच्छ की हिरवट? स्वच्छ होतं. ठरलेलं सगळं काही जुळून आलं नाही. कमरेतलं इंजेक्शन हवं होतं, पण भूल देणारे डॉक्टर एका तातडीच्या ऑपरेशनमध्ये अडकले होते. सिस्टरांनी ते लपवलं नाही, लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “ओरडावंसं वाटलं तर ओरडा, पण कळ गेली की खांदे सैल सोडा.” आठ सेंटीमीटरवर मधुरा रडत म्हणाली, “आता नाही होत, सिझर करा.” त्यावर कोणी हसलं नाही. सिस्टरांनी ठोके ऐकले, विचारून तपासलं, बाळ ठीक असल्याचं सांगितलं, आणि म्हणाल्या, “डॉक्टरांना बोलावते, तुम्हीच त्यांच्याशी बोला.” डॉक्टर आल्या, बोलल्या, आणि पुढे जायचं मधुरानेच ठरवलं. कुशीवर वळवून, उशी देऊन, आईचा हात हातात ठेवून पहाटे मुलगी झाली. नाळ एक मिनिट थांबून कापली, बाळ छातीवर दिलं, पहिल्या तासात दूधही पाजलं. टाके घालताना दुखलं. तिने तसं सांगितलं, तेव्हा थांबून भुलीचं इंजेक्शन पुन्हा दिलं. “टाक्यांचं मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं,” असं ती नंतर म्हणाली. आता मी तेही सांगते.

बारशानंतर मला फोन आला तो स्वातीचा. दवाखान्याच्या रस्त्याने जायचं ती टाळते, स्वप्नात तीच खोली दिसते, आणि दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की घरातून उठून जाते. तिचा पहिला प्रश्न होता, “मी ओरडले म्हणून त्यांनी मारलं का?” मी म्हटलं, “नाही. कळांमध्ये ओरडणं हा गुन्हा नाही, आणि मारणं ही शुश्रूषा नाही.” बाळंतपणाचा असा घाव महिन्याभराहून जास्त टिकला, झोप आणि संसार पोखरायला लागला, तर त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. समोर जाऊन बोलायचा धीर होत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री मराठीत बोलता येतं. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आणि सिस्टरांना हे सांगून फाइलवर लिहून घ्यायचं, म्हणजे पाळी बदलली तरी नव्या सिस्टरला कळेल.

स्वाती आता दर आठवड्याला येते. त्या दवाखान्याविरुद्ध तक्रार करायची का, हे तिने अजून ठरवलेलं नाही. आधी नीट झोप लागू दे, असं ती म्हणते, आणि सध्या आम्ही त्यावरच काम करतो आहोत.