एकाच नावाची, पण वेगवेगळ्या क्षेत्रात गाजलेली माणसं कोणती? लोकांचा गोंधळ होत नाही का?

होतो. माझं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली होती, म्हणून लिहितोय.

यादीच पाहिजे तर पटकन घ्या. मोहन जोशी नट आणि मोहन जोशी पुण्याचे काँग्रेसवाले. संगीतकार वसंत देसाई आणि नाटकांवर लिहिणारे वसंत शांताराम देसाई. आपले लोकमान्य बाळ गंगाधर टिळक आणि तेलुगूतले कवी देवरकोंडा बालगंगाधर तिलक, त्यात कवींचं आडनाव देवरकोंडा, टिळक बिळक सगळं नावातच. बाकीचे गूगल करा.

मला बोलायचंय शरद जोशींवर. आमच्या चांदवडकडं शरद जोशी म्हटलं की शेतकरी संघटनेचे साहेब, दुसरा कोणी असू शकतो हे डोक्यातच येत नाही. बर्नची पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी सोडून आलेला माणूस, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः करून बघितली आणि हिशोब मांडून सांगितलं की शेतकरी आळसामुळं नाही, भाव पाडला जातो म्हणून बुडतो. 1980 ला उसाला टनाला 300 रुपये आणि कांद्याला भाव मागत वडील मुंबई-आग्रा रोडवर बसले होते. 1986 ला चांदवडला महिला अधिवेशन झालं त्याला आई होती, कडेवर मी.

तर 2006 ला स्थळ आलं इंदूरचं. मराठीच, तीन पिढ्या तिकडं. त्याच आग्रा रोडनं निघालो, वडलांनी वाटेत दोनदा गाडी थांबवून कुठं बसलो होतो ती जागा दाखवली, दोन्ही जागा वेगळ्या. शर्टाला संघटनेचा लाल बिल्ला. आई म्हणाली आज तरी काढा, नाही काढला.

पोहे आले, इंदोरी, वर शेव, जिरावण मसाला आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. वडलांनी कांदा बघितला, भाव विचारला आणि विषय निघालाच, "आम्ही शरद जोशींची माणसं."

मुलीचे मामा एकदम खुलले. "अरे वा, आम्ही पण! काय माणूस होता हो, पोट धरून हसायचो आम्ही."

वडलांनी डिश खाली ठेवली. "हसायचे? आम्ही लाठ्या खाल्ल्या त्यात हसण्यासारखं काय होतं? आणि होता म्हणजे?"

"म्हणजे... गेलेच ना ते, 91 ला."

"काल टीव्हीवर बघितलं मी त्यांना! राज्यसभेत आहेत साहेब!" वडील उभेच राहिले, मामा पण उभे. तेवढ्यात आतून मुलगीच बाहेर आली, हातात चहाचा ट्रे तसाच, म्हणाली "अहो, दोन आहेत. मामाचे उज्जैनचे, हिंदीत व्यंग लिहायचे, 'ये जो है जिंदगी' ही टीव्ही मालिका त्यांनीच लिहिलेली." माझा होकार तिथंच झाला.

मामेसासरे मात्र आजपर्यंत सोडत नाहीत. दर दिवाळीला "आमच्या शरद जोशींना पद्मश्री मिळाली, तुमच्यांना?" मी म्हणतो पद्मश्री घरात भिंतीला टांगतात, कांद्याचा भाव घरात पैसा आणतो. हसवणारे खंडीभर मिळतील, शेतकऱ्याला हिशोब शिकवणारा एकच झाला. हे माझं मत आहे आणि बदलणार नाही.

बरं, नंतर मी त्यांचे उज्जैनवाले वाचले, नवभारत टाइम्समधलं 'प्रतिदिन' सदर वगैरे, आणि पुढाऱ्यांना ते असे सोलतात की साहेबांनाही आवडलं असतं. दोघांनी नोकरी सोडली हे पण एक. आणि साहेबांचं सगळंच पटतं असं नाही, 2010 ला राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विरोधात एकट्यानं मत दिलं, राखीव मतदारसंघ आळीपाळीनं फिरवायची पद्धत त्यांना मान्य नव्हती, पण हे बायकोला समजावायला गेलं की ती म्हणते तुमच्या साहेबांपेक्षा मामाचे बरे.

गोंधळ टाळायचा तर मधलं वडलांचं नाव लावा, शरद अनंतराव जोशी, पण हे आपल्याकडंच चालतं, इंदूरला कोण विचारतंय अनंतराव कोण. सोयरीक जुळवायला जाताना तरी आधी विचारा, कोणते जोशी? आमच्या वडलांनी नाही विचारलं. परतीच्या वाटेवर चांदवडपर्यंत एवढंच म्हणत होते, "91 ला गेले म्हणे!"