मांडवीतील तिसऱ्यांवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीस

पणजी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

गोव्यातील मांडवी आणि झुआरी या नद्यांतील तिसऱ्या या खाद्य शिंपल्यांच्या आनुवंशिक भिन्नतेवरचा तुझा आराखडा मी लक्षपूर्वक वाचला. विषय चांगला आहे, परंतु दोन नद्यांतील तिसऱ्या एकमेकींपासून वेगळ्या असणारच, हे तू आधीच गृहीत धरले आहेस. तिसऱ्यांचे फलन पाण्यात होते आणि त्यांचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली सूक्ष्म पिल्ले, तळाशी स्थिरावण्यापूर्वी कित्येक दिवस प्रवाहाबरोबर वाहत राहतात. शिवाय या नद्यांची मुखे जवळजवळ आहेत आणि आत कुंभारजुव्याचा कालवा दोन्हींना जोडतो. त्यामुळे डिंभांची सरमिसळ होत असण्याचीच शक्यता अधिक. माझ्या मते तुझा प्रश्न एकाच नदीत, एका वर्षाच्या आत दडलेला आहे.

मे महिन्यात मांडवीच्या मुखाशी पाणी समुद्राइतके खारे असते, म्हणजे एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच पात्रातील वरचा थर जवळजवळ गोडा होतो. तिसरी पळू शकत नाही. ती शिंपा घट्ट मिटून काही काळ तग धरते, पण पेशींच्या आतील आणि बाहेरील द्रावणांचा समतोल तिला अखेर सांभाळावाच लागतो. अमेरिकेतील लाँग आयलंड साउंड या खाडीत रिचर्ड कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या शिणाण्यांच्या जातकुळीतील निळ्या शिंपल्यांवर जे काम केले, ते तू मुळातून वाचावेस. एका विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाचे एक रूप खाऱ्या पाण्यात उपयोगी पडते, कारण ते पेशींत मुक्त अमिनो आम्ले वाढवून बाहेरच्या खाऱ्या पाण्याशी समतोल राखते. मात्र कमी खाऱ्या पाण्यात तेच रूप असलेल्या जीवाला नत्राचा अपव्यय सोसावा लागतो. समुद्रातून आलेली पिल्ले हे रूप घेऊन खाडीत स्थिरावतात आणि पुढे त्यांपैकी अनेक मरतात, म्हणून प्रौढांमध्ये ते विरळ होते. म्हणजे डिंभांची सरमिसळ अखंड चालू असतानाही नैसर्गिक निवड प्रत्येक पिढीत नव्याने घडत राहते. हे वाचल्यापासून मला आपला पावसाळा फार मोठा नैसर्गिक प्रयोग वाटत आला आहे.

म्हणून एकाच पट्ट्यातील नुकतीच स्थिरावलेली पिल्ले आणि प्रौढ यांचे नमुने पावसापूर्वी आणि पावसानंतर वेगवेगळे घे. प्रत्येक वेळी तळाजवळच्या पाण्याचा खारटपणा, तापमान आणि भरती-ओहोटीची वेळ नोंदव. या नोंदींशिवाय डीएनएचा अनुक्रम कितीही निर्दोष असला तरी त्यावरून परिस्थितीविषयी काहीही सांगता येत नाही. स्नायूचा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेव, फॉर्मेलिनमध्ये कदापि नको, आणि शिंपा त्याच क्रमांकाने कोरडा जपून ठेव, म्हणजे जातीविषयी शंका आल्यास परत पाहता येईल. तिसऱ्यांसारख्या मृदुकाय (मऊ अंगाच्या) प्राण्यांच्या ऊतींतील चिकट शर्करायुक्त द्रव्ये डीएनएबरोबर येऊन पुढील अभिक्रिया अडवतात, त्यामुळे ती काढून टाकणारी निष्कर्षण पद्धत आधीच ठरवून घे. केवळ मायटोकाँड्रियाच्या एका जनुकावर विसंबू नकोस. जातीची ओळख पटवण्यासाठी ते पुरेसे ठरू शकते, निवडीचा माग काढण्यासाठी केंद्रकातील अनेक जनुके लागतील.

शिंप्याच्या जाडीतील वा आकारातील फरक दिसला, तरी त्याला लगेच आनुवंशिक म्हणू नकोस. असा फरक दिसलेल्या ठिकाणांची पिल्ले एकाच खारटपणाच्या टाकीत वाढवून फरक टिकतो का ते पाहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण प्रबंधाचा सर्वांत भक्कम भाग तोच होईल.

ओहोटीला पात्रात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांशी आधी बोलून घे. कोणत्या पट्ट्यात पिल्ले केव्हा दिसतात आणि पुराच्या पाण्यानंतर कोठे रिकाम्या शिंपांचा खच पडतो, हे त्यांना ठाऊक असते. ती माहिती प्रबंधात त्यांच्या श्रेयासह यायला हवी. गरजेपेक्षा अधिक नमुने घेऊ नकोस, कारण त्या पट्ट्यावर त्यांचे पोट आहे.

पहिले नमुने मे महिन्यातील अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला घे. ते हुकले तर पावसापूर्वीची स्थिती पुढच्या वर्षीच मिळेल. तेव्हा रसायनांची मागणी याच आठवड्यात नोंदव आणि सुधारलेला आराखडा मला पाठव.

तुझा शुभचिंतक