शिबिर उरकल्यानंतरचं काम

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नवी मुंबईतला कोपरखैरणे-घणसोलीचा भाग आरोग्याच्या कामासाठी तुझ्याकडे आलाय आणि पहिल्याच महिन्यात मधुमेहाचं शिबिर घ्यायचं ठरतंय, असं कळवलंस. घे. पण किती बोटं टोचली हा आकडा फलकावर लावायला बरा असतो. रँडम (म्हणजे उपाशी नसताना, कधीही तपासलेली) साखर १४० च्या वर आलेल्यांपैकी किती जण पुन्हा उपाशीपोटी तपासायला आले, तो आकडा वहीत ठेव. आले नाहीत त्यांचं वेगळं पान कर आणि घरभेटी त्या पानावरून लाव.

तिशीवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराच्या धोक्याचे गुण मोजणारी प्रश्नावली, भरताना वय, तंबाखू-दारू, व्यायाम, घरातला मधुमेह हे सगळं नीट लिहिलं जातं. घोळ होतो तो कंबरेच्या मापात. बायकांचं माप परकराच्या नाडीवरून घेतात आणि पुरुषांना पँटचा नंबर विचारून मोकळे होतात. पँट पोटाखाली बांधलेली असते, त्यामुळे चौतीस नंबरवाल्याची कंबर सहज अडतीस भरते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड चाचपून बघ, त्या दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धर, श्वास सोडून झाल्यावर आकडा वाच. टेप रुतू देऊ नकोस. बायकांना ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पुरुषांना ९०, म्हणजे साधारण साडेपस्तीस, ही हद्द. त्यापुढे गुण चढतात. एकूण गुण चारच्या वर गेले की त्या माणसाची तपासणी आधी.

ग्लुकोमीटरआधी साबणाने हात धुवायला लाव. आंबा चिरून आलेल्या मावशींच्या बोटाला रस राहिला तरी आकडा फुगतो. स्पिरिट लावलंस तर ते पुरतं वाळू दे. टोचायचं बोटाच्या कडेला, टोकावर नाही. तिथे दुखतं जास्त. सुई प्रत्येकाला नवी. स्ट्रिपची डबी लगेच बंद कर, कारण खाडीकाठच्या दमट हवेत उघड्या डबीतल्या स्ट्रिपा बिघडतात आणि मग खोटे आकडे घेऊन लोक घाबरतात. मशीनवरून 'तुम्हाला डायबेटिस आहे' असं कुणाला सांगू नकोस. ते लॅबच्या रक्तावरून डॉक्टर ठरवतील: उपाशीपोटी १२६ किंवा वर, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा वर, नाहीतर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) साडेसहा टक्के किंवा वर. लक्षणं काहीच नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

उपाशीपोटी १०० ते १२५ मध्ये सापडलेल्यांना 'अजून काही नाही' म्हणून परत पाठवतात, याचा मला राग येतो. सगळ्यात जास्त फरक पडण्यासारखे लोक हेच. साखर चढू लागलेल्या, पण मधुमेह न झालेल्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले: आहार, चालणं आणि वजन यांवर काम केल्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. आपल्याकडच्या २००६ च्या अभ्यासात घट २८ टक्क्यांच्या आसपास होती, आणि तिथे खाण्याचालण्याने जे साधलं ते गोळीच्या बरोबरीचंच होतं.

आता खाण्याकडे. 'गोड खाता का?' असं विचारलंस की उत्तर ठरलेलं: नाही. त्याऐवजी 'काका, काल रात्री काय जेवलात, किती वाजता?' असं विचार. मग कळतं, बिनसाखरेच्या चहाबरोबर चार खारी गेल्या, चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली, साखरेऐवजी गूळ चालतो असं शेजारणीने सांगितलं. गूळही साखर, मधही साखर. कोपरखैरण्यात माथाडी कुटुंबं पुष्कळ. पोती वाहणाऱ्या अंगाला चार भाकऱ्या लागत होत्या. काम सुटलं, भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या. अशा घरात भात-भाकरी बंद करा म्हणालीस तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही. एक भाकरी कमी, तिच्या जागी वाटीभर उसळ. आधी कोशिंबीर आणि भाजी, भात शेवटी, एकदाच. अर्धं ताट भाज्यांचं, पाव उसळ-डाळ-मासळी-अंड्याचं, पाव भाताचं किंवा भाकरीचं. तेल महिन्याला किती येतं ते विचार; चार माणसांना अडीच-तीन लिटर पुरेसं. आणि हे सगळं पेशंटला सांगून उपयोग नाही, फोडणी देणाऱ्या बाईसमोर आणि तिच्या सासूसमोर बोल.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून येणारा माणूस घरी साडेनऊला पोचतो, साडेदहाला भरपूर जेवतो, अकराला झोपतो. त्याला संध्याकाळी मूठभर फुटाणे खायला सांग, म्हणजे रात्रीची भूक आवरते. जेवणानंतर पंधरा मिनिटं खाली चालायचं. आठवड्याला दीडशे मिनिटं भरायला हवीत, ती तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालतं. मात्र घणसोलीच्या बाईला 'पाम बीच रोडवर चाला' हा सल्ला म्हणजे थट्टाच आहे. तिला अंधाऱ्या रस्त्यावर एकटं जायचं नसतं. सेक्टरातल्या चारपाच जणींची वेळ जमवून दे, जवळची बाग किती वाजता बंद होते ते स्वतः बघून ये.

ज्यांना मधुमेह आहेच, त्यांच्यात सगळ्यात जास्त बिघडतं ते 'शुगर नॉर्मल आली म्हणून गोळी सोडली' यातून. आकडा गोळीमुळे आलाय, हे पुन्हापुन्हा सांगावं लागेल. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासणं, रोज रात्री पायांचे तळवे आरशात बघणं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून दे.

इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरी गेलीस की बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून वाच. बाटलीवर ४० (एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट) असेल तर लाल टोपणाची ४० ची सिरिंज, १०० असेल तर केशरी टोपणाची १०० ची. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरलं तर डोस अडीचपट होतो आणि माणसाची साखर झोपेतच घसरते. नवी बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. घाम, थरथर, चिडचिड, आकडा ७० च्या खाली: तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, वर आलं नसेल तर पुन्हा तेवढीच, वर आलं की पोळी-भाजी खायला घालायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. हे घरातल्या शाळकरी पोरालाही शिकव. दिवसा आजीजवळ पुष्कळदा तोच असतो.

तुझी,
ताई