'डिटेक्टर'ला शोधक म्हणावे की अभिज्ञातक?

न्यूट्रिनो या विद्युतभार नसलेल्या, अतिशय हलक्या मूलकणांच्या अभ्यासासाठी जे 'लिक्विड आर्गॉन डिटेक्टर' विकसित होत आहेत, त्यांना मराठीत 'शोधक' म्हणावे की 'संवेदक', असा प्रश्न विचारण्यात आला आहे. माझ्या मते 'अभिज्ञातक' हा शब्द या दोहोंपेक्षा सरस आहे.

'शोधक' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो, त्यामुळे 'शोधकांनी नवा शोधक बांधला' अशा वाक्यात तो हमखास अडखळतो. 'संवेदका'ची अडचण अधिक खोल आहे. अमेरिकेतील ड्यून या न्यूट्रिनो-प्रयोगात, न्यूट्रिनोंचा झोत जिथून सोडला जाणार आहे त्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेपासून १३०० किलोमीटरवर, साउथ डकोटातील लीड येथे जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, प्रत्येकी सुमारे १७,००० टन द्रवरूप आर्गॉन मावेल अशा टाक्या योजल्या आहेत. न्यूट्रिनो स्वतः दिसत नाही. तो आर्गॉनच्या एखाद्या अणुकेंद्रावर आदळला, तर त्यातून उडालेले विद्युतभारित कण वाटेतल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे करतात आणि ते इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राच्या ओढीने, मिलिसेकंदाला सुमारे दीड मीटर या वेगाने, कडेच्या तारांकडे सरकतात. संवेदन करतात त्या तारा. आर्गॉन मात्र एकाच वेळी लक्ष्यही आहे आणि इलेक्ट्रॉनांची वाटही. म्हणून सगळ्या टाकीला 'संवेदक' म्हणणे चुकीचे ठरते.

नवे तंत्रज्ञान पाहिले की संवेदक आणि अख्खे उपकरण यांतला हा भेद अधिकच कामाचा वाटतो. तारांऐवजी भोके पाडलेले छापील सर्किट फलक वापरण्याची रचना आता पुढे आली आहे, तर फर्मिलॅबमधील, म्हणजे झोताच्या उगमाजवळच्या अभिज्ञातकात, जिथे एकाच वेळी अनेक कणांचे माग एकमेकांवर चढतात, तिथे बारीक पिक्सेल बसवण्याची योजना आहे. बदलतो तो संवेदक. १९७७ मध्ये इटालियन भौतिकशास्त्रज्ञ कार्लो रुबिया यांनी मांडलेली अभिज्ञातकाची मूळ कल्पना तीच राहते.

'अभिज्ञान' म्हणजे खुणेवरून पटलेली ओळख. शकुंतलेच्या अंगठीमुळे हा अर्थ आपल्याला परिचित आहे. मागे राहिलेल्या खुणेवरूनच न्यूट्रिनो ओळखायचा असल्याने हा शब्द मला फार नेमका वाटतो. तो जड वाटेल हे मान्य. पहिल्या उल्लेखात 'अभिज्ञातक, म्हणजे डिटेक्टर' असे लिहिले की पुढे वाचक थबकत नाही. आणखी एक सूचना अशी की 'द्रव आर्गॉन' याऐवजी 'द्रवरूप आर्गॉन' लिहावे, कारण हा मुळात हवेतला वायू असून उणे १८६ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केल्यावरच तो द्रवरूप होतो.