मऊ अंडी : शिंपल्यांचा चुरा कसा द्यावा?

प्रश्न : सहा गावरान कोंबड्यांना मका आणि तांदळाची कणी घालतो. पंधरवड्यापासून पिशवीसारखी मऊ अंडी येताहेत. काय करावे?

उत्तर : एका कवचाला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागते, मका-कणीत ते नावालाच. शिंपले धुऊन, वाळवून ज्वारीच्या दाण्याएवढे कुटा. पीठ अजिबात करू नका. कवच मुख्यतः रात्री घडते. जाड कण पोटात सावकाश विरघळून रात्रभर पुरतात. चुरा खाद्यात न कालवता वेगळ्या वाटीत दुपारनंतर ठेवा, कोंबडी गरजेपुरता टिपते. अंड्यावर न आलेल्या तलंगांपासून वाटी दूरच हवी, जास्त कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. कोंबड्या दिवसभर खुराड्यात कोंडू नका. ऊन मिळाले की कॅल्शियम चांगले अंगी लागते. सोबत शिंका, घरघर असेल तर पशुवैद्यांना लगेच दाखवा.