घर बघताय? आधी पाळणाघर किती वाजता बंद होतं ते विचारा

प्रश्न : ताई, आम्ही बदलापूर पूर्वेला भाड्याने राहतो. माझं ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स), नवऱ्याचं ऐरोलीला. मला चौथा महिना लागलाय. बाळ झाल्यावर हा रोजचा प्रवास झेपणार नाही हे दोघांनाही कळतंय. सासरचे म्हणतात बदलापूरलाच टू बीएचके बुक करा, तेवढ्या पैशात ठाण्याला एक खोली येणार नाही. नवरा म्हणतो घोडबंदरला बघू, कॉम्प्लेक्स छान आहेत, गार्डन आहे. भाड्याला जास्तीत जास्त २८ हजार काढू शकतो. काय करू? – एक वाचक, बदलापूर

उत्तर : अगं, आधी मनापासून अभिनंदन. आणि चौथ्या महिन्यातच विचार सुरू केलास ते बरं केलंस, सातव्यानंतर जिने चढून घरं बघणं नको होतं.

तुमच्या घरी सगळे खोल्या मोजतायत, गार्डन मोजतायत. मी तुला घड्याळ उलटं मोजायला सांगणार आहे. घरगुती पाळणाघर बहुतेक सात-साडेसातला बंद होतं, काकू एखाद दिवस थांबतात पण रोज नाही थांबणार, त्यांनाही त्यांचा स्वयंपाक असतो. आता तिथून मागे ये. तू सहाला ऑफिसातून निघालीस, बीकेसीहून कुर्ल्याची शेअर रिक्षा, तिची लाइन आणि ते ट्रॅफिक धरून अर्धा-पाऊण तास, मग कुर्ल्याचा पूल, मग गाडी. म्हणजे पावणेसातच्या आधी तू काही प्लॅटफॉर्मवर नसतेस. तिथून फास्टने ठाणं वीस-पंचवीस मिनिटं. बदलापूर म्हणशील तर कुर्ल्यापासूनच सव्वा तास धर आणि स्टेशनवरून रिक्षा वेगळी, साडेआठ कुठे गेले नाहीत. बदलापूरला दोन काय चार खोल्या घेतल्या तरी बाळ रोज एक-दीड तास कुठे ठेवायचं हा प्रश्न तसाच राहतो बघ.

घोडबंदरबद्दल नवऱ्याला माझ्याकडून सांग, पत्त्यात ठाणे पश्चिम लिहिलेलं असतं पण घोडबंदर रोडवरचं कासारवडवली ठाणे स्टेशनपासून दहा किलोमीटरच्या आसपास आहे आणि संध्याकाळी त्या रस्त्यावर बस किंवा रिक्षाने पाऊण तास सहज जातो, पावसात खड्डे पडले की त्याहून जास्त. वडाळा-कासारवडवली मेट्रो चार पूर्ण चालू होऊन तुझ्या वेळेला धावायला लागली की तेव्हाचं तेव्हा बघा. तुझं बाळ काही महिन्यात येतंय, मेट्रोच्या भरवशावर त्याला थांबवता येत नाही.

मी तुमच्या जागी असते तर कोपरीत बघितलं असतं, म्हणजे ठाणे पूर्व, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत. नौपाडा पण छान आहे पण तुमच्या बजेटात तिथे वन बीएचके मिळणं अवघड, कोपरीत जुन्या बिल्डिंगमध्ये मिळू शकेल. जागा लहान मिळेल, किचन अगदीच अरुंद असेल, ते मी लपवत नाही. पण ट्रान्सहार्बरचे, म्हणजे नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलचे, प्लॅटफॉर्म ठाण्याला पूर्वेच्याच अंगाला आहेत आणि ऐरोली तिथून दिघा गाव सोडलं की पुढचंच स्टेशन, दहा-बारा मिनिटांचा प्रवास. म्हणजे तुझा नवरा साडेसहाला निघाला तरी सातला पाळणाघराच्या दारात असेल. तुझ्या पत्रात कुठेच नाहीये पण मला वाचताना जाणवलं, बाळाला आणायला तूच जाणार असं तुम्ही दोघांनी न बोलता धरून टाकलंय. जवळ तो आहे. आणायचं काम त्याचं, सोडायचं तुझं, आणि हे आत्ता ठरवा, बाळ झाल्यावर झोप अपुरी असताना ठरवायला बसलात की भांडणं होतात.

तुझ्यासाठी ठाण्याचा अजून एक फायदा म्हणजे ठाणा स्लो तिथूनच सुटते. दहा मिनिटं आधी गेलीस तर बसायला मिळतं, कुर्ल्यापर्यंत अर्धा तास लागतो, फास्टपेक्षा थोडा जास्त, पण पोट पुढे आलेलं असताना त्या फास्टच्या लेडीज डब्यात दारातून आत ढकललं जाणं आणि बसून जाणं यात फार फरक आहे गं. अजून एक, दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बायकांनाही प्रवास करता येतो, कितीतरी जणींना हे माहीतच नसतं. डॉक्टरांच्या फाइलचा कागद पर्समध्ये ठेव, कोणी विचारलं तर दाखवता येतो.

ऑफिसमध्ये पाळणाघर आहे का ते पण एचआरला विचार. कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते, दिवसातून चार वेळा आईला बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. पण खरं सांगू, सहा महिन्यांचं बाळ छातीशी बांधून सकाळच्या गर्दीत कुर्ल्याला उतरायचं हे मला पटत नाही, म्हणून पाळणाघर घराजवळच बघ असं माझं मत. घर, पाळणाघर, स्टेशन एकाच वाटेवर, उलटं वळायला लागता कामा नये. लसींचंही तेच, जन्मानंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लस असते, मग नवव्या महिन्यात, त्यामुळे मुलांचे डॉक्टर किंवा महापालिकेचं आरोग्य केंद्र चालत जाण्याइतकं जवळ असलं तर तुझी कितीतरी धावपळ वाचेल.

मी हे एवढं ठासून का सांगते तर २६ जुलै २००५. आम्ही तेव्हा डोंबिवलीत राहायचो, माझी नोकरी फोर्टला, मुलगी दोन वर्षांची. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद, फोन लागत नव्हते. मी रात्रभर ऑफिसच्या टेबलावर बसून होते, नवरा पण तिकडेच कुठेतरी अडकलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कशीबशी पोचले. पाळणाघरवाल्या काकू आमच्यापासून चार बिल्डिंग सोडून राहायच्या, त्यांनी मुलीला रात्री स्वतःजवळ झोपवलं होतं, मी गेले तेव्हा ती त्यांच्या नातीचा गुडघ्याखाली येणारा फ्रॉक घालून वरणभात खात होती आणि मला बघून हसली, रडली नाही. रडले मी. आमच्या समोरच्या वहिनी दिवसातून दोनदा तिला बघून आल्या होत्या आणि जाताना तिची रोजची गोधडी घेऊन गेल्या होत्या. म्हणून पाळणाघर बघायला जाशील तेव्हा काकूंना सरळ विचार की एखाद्या दिवशी आम्ही दोघंही पोचलो नाही तर तुम्ही काय कराल. त्यांच्या उत्तरावरून तुला कळेल तिथे ठेवायचं की नाही.

कुर्ला-सायनला पाणी भरलं की आजही हेच होतं. अशा दिवशी बीकेसीहून मेट्रो तीनने मरोळ नाका, तिथे बदलून मेट्रो एकने घाटकोपर, हा रस्ता लक्षात ठेव. लांबचा आहे, पण घाटकोपरच्या पुढे गाड्या चालू असतील तर घरी पोचशील. बदलापूरची गोष्ट वेगळी, जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती, तू तिथेच राहतेस म्हणजे तुला माहीतच असेल, तेव्हा बुकिंग करायचंच असेल तर निदान तो भाग कुठे आहे, पाणी कुठवर आलं होतं ते आजूबाजूच्या दुकानदारांना विचारून करा. सासरच्यांना नाही म्हणू नका, दोन-तीन वर्षांनी बघू म्हणा. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करून घ्या. आणि घर फायनल करायच्या आधी वर्किंग डेला संध्याकाळी साडेसातला स्टेशनपासून तिथपर्यंत दोघं चालत जा, हातात पाच-सहा किलोची पिशवी घेऊन. फुटपाथ आहे का, दिवे आहेत का, लिफ्ट चालू आहे का, पाणी किती वाजता येतं, रविवारी दुपारी ब्रोकरबरोबर गेलात तर यातलं काहीच दिसत नाही.

प्रश्न : मी हिंजवडी फेज थ्रीला, बायको स्वारगेटजवळ शाळेत शिकवते. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. पुनावळेला फ्लॅट बघितलाय, बिल्डर म्हणतो मेट्रो येतेय. घ्यावा का? – पुणे

उत्तर : तुमचं ऑफिस पुनावळ्याहून जवळ पडेल हो, पण बायकोचं काय? ती रोज सकाळी शाळेच्या वेळेला पूर्ण शहर ओलांडणार, आणि पहिली काही वर्षं बाळाचं जास्त तीच करणार असेल तर सगळ्यात लांबचा प्रवास तिच्याच वाट्याला येतो. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ ला झालं आणि पुढे कित्येक वर्षं लोक त्याच कामामुळे गणेशखिंड रोडवर तासनतास अडकून बसले, त्यामुळे "येतेय" या शब्दावर एक रुपयाही जास्त देऊ नका. आज जी धावतेय ती धरून घर बघा. पिंपरीहून स्वारगेटला मेट्रो थेट जाते, सप्टेंबर २०२४ पासून. मी संत तुकारामनगरच्या आसपास बघेन. बायको मेट्रोने बसून जाईल, तुम्हाला टू व्हीलरवर हिंजवडी लांब पडेल, रोज कंटाळाही येईल, पण महापालिकेचं वायसीएम हॉस्पिटल तिथेच आहे आणि रात्री-अपरात्री बाळाला ताप आला की त्याची किंमत कळते. फ्लॅट नवीन असेल तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून ताबा कधीचा लिहिलाय ते बघाच, बिल्डर तोंडी सांगतो ती तारीख धरू नका.

प्रश्न : आम्ही अंधेरीत भाड्याने राहतो, दोघांची ऑफिसं इथेच. आई म्हणते डोंबिवलीला या, मी बाळ सांभाळते, पाळणाघरात कशाला ठेवता. पण रोजचा प्रवास? – मुंबई

उत्तर : प्रवास होण्यासारखा आहे. २०१४ ला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो चालू झाली तेव्हापासून डोंबिवली-अंधेरी करणारे खूप आहेत, फास्टने घाटकोपर आणि मग मेट्रो, घरापासून ऑफिसपर्यंत दीड तास धरा, घाटकोपरच्या जिन्यावरची गर्दी धरून. माझा प्रश्न आईबद्दल आहे. त्यांचं वय काय, गुडघे कसे आहेत, दुपारी झोपायची सवय आहे का? तुम्ही आठला निघून आठला आलात तर बारा तास बाळ त्यांच्याकडे, आणि रांगायला लागलं की त्याच्या मागे धावणं साठी ओलांडलेल्या बाईला सोपं नाही. त्या प्रेमाने हो म्हणतील, थकल्या तरी सांगणार नाहीत, म्हणून तुम्हीच ओळखायला हवं. जायचं तर आईच्याच घरात नको, शेजारच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने घ्या, दिवसभराची एक बाई ठेवा आणि आईने फक्त लक्ष ठेवायचं असं ठरवा. बाईचा पगार तुम्ही द्यायचा, आईच्या हातात नाही, थेट बाईला, महिन्याच्या एक तारखेला. आणि शनिवार-रविवार आईला पूर्ण सुट्टी, तेव्हा बाळाला घेऊन त्यांच्याकडे जेवायला जायचं नाही, त्यांनाच तुमच्याकडे बोलवायचं.